वादळानंतरची पहिली फळी

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात माड-आंबे रस्त्यावर आडवे झाले, विजेचे खांब मोडले. अशा वेळी बाहेरचं पथक पोहोचेपर्यंत वाडीतलीच माणसं कामी येतात.

पडलेलं झाड तोडणं हे नुसत्या ताकदीचं काम नव्हे. फांद्यांत वीजतार अडकली आहे का, तिचा प्रवाह बंद केला आहे का, हे आधी पाहायचं. मग वाकलेल्या फांदीच्या दाबलेल्या बाजूला थोडा छेद द्यायचा आणि शेवटचा घाव ताणलेल्या बाजूने घालायचा. उलट केलं तर फांदी उसळून अंगावर येते. इथे जंगलात राबलेल्याचा हात आणि जवानाची शिस्त, दोन्ही लागतात.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणणाऱ्या तुकड्या आपल्याकडे आहेत: प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियन. त्यांत मुख्यतः माजी सैनिक असतात. पहिली १९८२ मध्ये, खाणींनी उघडे पडलेले मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे करण्यासाठी उभी राहिली. मराठवाड्यात १३६वी बटालियन २०१७ पासून झाडं लावते आहे. कांदळवनं जपायला आणि वादळात धावून यायला कोकण किनाऱ्यालाही अशी तुकडी हवीच.

तोवर आपत्तीत मदतीसाठी स्थानिक स्वयंसेवकांना तयार करणारी ‘आपदा मित्र’ योजना आहे. प्रशिक्षण बारा दिवसांचं, वय १८ ते ४०. माजी सैनिकांना वयात सवलत. गावातल्या निवृत्त फौजींनी सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात पावसाळ्याआधीच चौकशी करावी.