फोटो पुसला गेला, पण नांगर फिरला का?

गेल्या लग्नसराईत शेजारचा मुलगा मुठीत मेमरी कार्ड घेऊन आला. बहिणीच्या हळदीचे फोटो त्यात होते. कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर पडद्यावर प्रश्न आला, 'फॉरमॅट करायचं का?' त्यानं 'हो' दाबलं आणि कार्ड कोरं झालं. इथपर्यंत फारसं बिघडलेलं नव्हतं. "मग काका, कार्ड चालतंय का बघावं म्हणून दोन-तीन मोठे व्हिडिओ काढले त्याच्यावर," असं तो म्हणाला, तेव्हा मी कपाळाला हात लावला. फॉरमॅटनं जे केलं नव्हतं ते त्या व्हिडिओंनी केलं. निम्मे फोटो परत मिळाले. आजी हळद लावतानाचे मिळाले नाहीत.

हिंगोलीत आमच्या गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर अडला की माझ्याकडं आणतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. बहुतेक फोटो बोट चुकल्यामुळं जात नाहीत, त्यानंतरच्या तासाभराच्या धावपळीत जातात. आणि ती धावपळ होते गैरसमजांमुळं.

पहिला आणि सगळ्यांत पसरलेला गैरसमज : डिलीट केलं म्हणजे फोटो नष्ट झाला.

आपल्याकडं कुणाला सातबारा समजावून सांगावा लागत नाही, म्हणून त्याचाच दाखला देतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून उभं पीक काही नाहीसं होत नाही. कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड या सगळ्यांत अशी एक नोंदवही असते : कुठला फोटो कुठल्या जागेत ठेवलाय याची. डिलीट केल्यावर त्या नोंदवहीत 'ही जागा मोकळी' एवढाच शेरा पडतो. फोटो जागच्या जागी असतो. त्या जागेवर दुसरी फाइल येऊन बसली की मात्र नांगर फिरला, आणि फिरलेला नांगर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर उलटा फिरवू शकत नाही. म्हणून फोटो गेल्याचं कळल्या क्षणी करायचं काम एकच, त्या कार्डावर किंवा डिस्कवर काहीही नवीन लिहू द्यायचं नाही. कार्ड कॅमेऱ्यातून, मोबाइलमधून काढून ठेवायचं. छोटं कार्ड ज्यात बसवतात त्या मोठ्या अॅडॉप्टरच्या कडेला बारीकशी खिट्टी असते, ती 'लॉक'कडं सरकवायची. कॉम्प्युटरच्याच डिस्कवरून फोटो गेले असतील तर त्यावर गाणी उतरवणं, सिनेमा पाहणं, विंडोज नव्यानं टाकणं, सगळं बंद.

फॉरमॅटचंही तसंच आहे. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'वर आधीच खूण असते, आणि त्यात फक्त नोंदवही कोरी होते. ती खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर गोष्ट वेगळी : २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्यं लिहून काढतं. त्यानंतर शोधायला काही उरत नाही.

एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. कॉम्प्युटरच्या डिस्कवरून पुसलेला फोटो आधी रिसायकल बिनमध्ये जातो, पण पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवरून पुसलेला तिथं जात नाही. 'शिफ्ट' दाबून डिलीट केलेलाही नाही. तेव्हा बिन रिकामी दिसली म्हणून आशा सोडू नका, आणि कार्डावरचे फोटो बिनमध्ये पडलेच असतील असंही धरून चालू नका.

दुसरा गैरसमज पहिल्याच्या नेमका उलट, आणि तो थोडी माहिती असलेल्यांना होतो : पुसलेलं कधीही, कितीही दिवसांनी परत काढता येतं.

जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कच्या बाबतीत हे बरंच खरं होतं. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते, तिच्यात फिरणारं काही नसतं. तिची रीत निराळी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, 'ट्रिम' नावाची सोय आहे : फाइल पुसली की विंडोज एसएसडीला कळवतं, ही जागा आता नको. मग एसएसडी सवडीनं ती जागा स्वतःच साफ करून ठेवते, पुढचं काम लवकर व्हावं म्हणून. शेताचा मालक बदलायचा अवकाश, ट्रॅक्टर बांधावर हजर! लॅपटॉपमधल्या एसएसडीवरून फोटो गेले आणि बिनही रिकामी केलेली असेल, तर परत मिळण्याची शक्यता फार कमी, हे मी आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं कुठली डिस्क आहे हे टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर दिसतं. मेमरी कार्ड आणि साध्या पेनड्राइव्हला सहसा हा ट्रिमचा नियम लागत नाही, म्हणून त्यांच्यावरचे फोटो तुलनेनं जास्त मिळतात.

पण शोधाशोध सुरू करण्याआधी थांबा. माझ्याकडं 'गेलेले' म्हणून आलेले कितीतरी फोटो गेलेलेच नव्हते.

सगळ्यांत नेहमीचा प्रकार पेनड्राइव्हचा. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि घरी पाहिलं तर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट. लोक घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात, आणि खरा घात तिथं होतो. हा जुना, चिवट व्हायरस आहे. तो फोटो पुसत नाही, लपवतो आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट समोर ठेवतो. ओळखायची खूण सोपी : पेनड्राइव्ह रिकामा दिसतोय, पण भरलेली जागा दहा-बारा जीबी दाखवतोय, तर फोटो आतच आहेत. शॉर्टकटवर क्लिक करू नका. फोल्डरच्या 'व्ह्यू'मधून लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा. तेवढ्यानं भागलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूण काढा. फोटो दिसले की फक्त फोटो दुसरीकडं कॉपी करा, पेनड्राइव्ह मग खुशाल फॉरमॅट करा.

दुसरा प्रकार वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा. विंडोजमध्ये 'बॅकअप सुरू करा' असं कधीतरी नकळत दाबलं जातं आणि 'पिक्चर्स'चं फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात जातं. जुन्या जागी पाहणाऱ्याला ते रिकामं दिसतं. तिसरा, विंडोज नवं चढवल्यावर जुनं सामान 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरात राहतं, पण साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकतं, तेव्हा तिथं आधी पाहा. आणि लाईट! कॉपी चालू असताना लाईट गेली, परत आल्यावर कॉम्प्युटरनं डिस्क तपासली, की कधीकधी 'फाउंड' नावाचं फोल्डर तयार होतं. आत 'सीएचके' शेपटीच्या फाइली असतात. त्यातल्या काही फोटोच असतात. शेपटी बदलून 'जेपीजी' केली की उघडतात. तसं पाहिलं तर आपल्याकडच्या लाईटचा भरवसा धरून फोटो 'कट' करणं हाच मुळात वेडेपणा आहे. कॉपी करा, दोन-चार उघडून पाहा, मगच मूळ पुसा.

एवढं करूनही नाहीच सापडले, तर मग सॉफ्टवेअर. इथं लोक म्हणतात, पैसे भरून घेतलेलं असलं तरच चालतं. तसं नाही. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरचं 'फोटोरेक' पूर्ण फुकट आहे आणि मी वर्षानुवर्षं तेच वापरतो. दिसायला रूक्ष आहे, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण काम चोख. 'रिकुवा' सोपं आहे. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये स्वतःचंही एक फुकट साधन दिलं, मात्र त्यात हुकूम टंकावे लागतात. पैसे भरायचेच असतील तर आधी शोधलेले फोटो उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर पाहा. नांगर फिरलेल्या जागेतून महागडं सॉफ्टवेअरही काही उगवून देत नाही.

फोटोरेकची युक्ती ऐकण्यासारखी आहे. ते नोंदवहीकडं पाहतच नाही. प्रत्येक जेपीजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, 'एफएफ डी८' अशी, आणि शेवट 'एफएफ डी९'नं. फोटोरेक सगळं शेत पावलापावलानं चालत जातं आणि ही खूण दिसली की तिथून फोटो उचलतं. म्हणून फॉरमॅट झालेल्या कार्डावरूनही फोटो निघतात. याची किंमत म्हणजे नावं जातात. तुमच्या 'ताईचं लग्न' फोल्डरऐवजी हजारो फाइली आकड्यांच्या नावानं समोर येतात आणि माणूस हबकतो. हबकायचं कारण नाही. फोटो काढल्याची तारीख-वेळ फोटोच्या आतच लिहिलेली असते. 'डेट टेकन'नुसार लावून घेतले की हळद एकीकडं, वरात दुसरीकडं होते. काही फोटो अर्धे राखाडी निघतील. त्यांच्या अर्ध्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलेलं असतं. आणि हे सॉफ्टवेअर ज्या डिस्कवरून फोटो गेले तिच्यावर उतरवायचं नाही, सापडलेले फोटोही तिच्यावर ठेवायचे नाहीत. ही एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की सांगायची सोय नाही.

मोबाइलच्या बाबतीत मात्र जाहिरातींनी पार गोंधळ घातलाय. 'केबल जोडा, पुसलेले फोटो परत मिळवा' हे आता जवळपास खोटं आहे. केबलनं जोडलेला मोबाइल कॉम्प्युटरला डिस्कसारखा दिसत नाही, तो फक्त असलेल्या फाइली देतो. शिवाय अँड्रॉइड १० सह, म्हणजे २०१९ पासून, बाजारात आलेल्या मोबाइलमध्ये आतलं सगळं कुलूपबंद असतं. 'रिकव्हरी' अॅप जे दाखवतात त्यात पुष्कळदा जुन्या लघुप्रतिमाच असतात. पैसे देण्याआधी गॅलरीतला कचरापेटीचा कप्पा पाहा. गुगल फोटोज बॅकअप झालेला फोटो कचऱ्यात ६० दिवस ठेवतं, न झालेला ३० दिवस. मग नातेवाइकांचे वॉट्सअॅप गट. दुरुस्तीच्या नावाखाली फोनवरून कॉम्प्युटरचा ताबा मागणाऱ्याला मात्र तो देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा.

'गुगल फोटोत आहेत, म्हणजे बॅकअप आहेच' हाही एक भ्रम. अॅपमधून फोटो पुसला की तो वरूनही पुसला जातो. १ जून २०२१ पासून फोटो १५ जीबीच्या फुकट जागेत धरले जातात. ती भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं. वडील गेल्यावर त्यांचा मोबाइल कपाटात ठेवून देणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. त्यांनी काढलेले फोटो त्याच खात्यात असतात.

आता आवाज करणारी हार्डडिस्क. २१ मार्च २०२४ च्या पहाटे आपल्या जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तेव्हा भांडी पडली तशी कुणाची चालू हार्डडिस्कही फळीवरून पडली असू शकेल. तबकडीवरून फिरणारी तिची सुई तबकडीपासून काही नॅनोमीटरच वर असते. पडल्यावर 'टक टक' ऐकू आली तर वायर काढा, पुन्हा चालू करून पाहू नका. फ्रिजमध्ये ठेवायचा जुना उपाय आतल्या दमटपणानं उरलंसुरलं घालवतो, आणि घरी उघडली तर धुळीचा एक कण पुरतो. अशी डिस्क प्रयोगशाळेत जाते, ती पुण्या-मुंबईकडं, आणि खर्च मोठा. न तपासताच 'शंभर टक्के काढून देतो' म्हणणाऱ्याच्या पायरीवरून मी तरी परत फिरेन.

शेवटचा गैरसमज थोडा शरमेचा : बॅकअप घेतलाय ना, मग झालं. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २'च्या बहुतेक फाइली एका चुकीच्या हुकमानं पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता आणि ते कुणी तपासलं नव्हतं. वाचवलं ते एका घरगुती कॉम्प्युटरनं. गॅलिन सुसमन या बाई तान्ह्या बाळामुळं घरून काम करत होत्या, त्यांच्याकडं एक प्रत होती. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम तेच सांगतो : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आपल्या हिशेबानं एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक नांदेडच्या मामाकडं. आणि दिवाळीच्या साफसफाईत ती एकदा उघडून पाहायची.

त्या मुलाच्या आजीचा फोटो शेवटी सापडला, कळमनुरीच्या मावसभावाच्या वॉट्सअॅपमध्ये. बारीक झालेला, तारीख-वेळ गळून पडलेली, पण चार बाय सहाच्या प्रिंटला पुरेसा. पोरगा मात्र तेच कार्ड अजून वापरतो. ज्या कार्डानं एकदा आपणहून 'फॉरमॅट करायचं का' विचारलं, ते पुन्हाही विचारणार. नवीन घे म्हणून त्याला दोनदा सांगून झालं आहे.