पोटाचे दुखणे अंगावर काढू नका

पोटात जळजळ झाली म्हणजे आपण काय करतो? ओवा चघळतो, नाहीतर खाण्याचा सोडा पाण्यात घालून पितो. बरं वाटतं. एखाद्या दिवशी असे केले तर बिघडत नाही. पण सोडा रोजच लागू लागला, तर ते लक्षण चांगले नव्हे.

आपले जठर ही एक पिशवी आहे. खाल्लेले अन्न तिच्यात येते. पिशवीला आतून मऊ अस्तर असते. ते झिजते आणि पुन्हा नवे होते. कधी या वाढीचा नेम सुटतो. अस्तर भलतेच वाढते. आत गाठ किंवा जखम होते. हाच जठराचा कर्करोग.

तो का होतो? एक कारण जंतू आहे. ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी १९८२ साली तो शोधला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो; कर्करोग थोड्यांनाच होतो. जंतू औषधाने मरतो. विडी ओढणे आणि फार खारट खाणे यांनीही धोका वाढतो. कर्करोग शिवण्याने लागत नाही. रोग्याला दूर बसवू नये.

अर्ध्या भाकरीतच पोट भरते का? वजन उतरते का? वारंवार उलटी होते का? शौचाला डांबरासारखी काळी होते का? मग दवाखाना गाठावा. हा कर्करोगच असेल असे नाही. साध्या व्रणानेही असे होते. पण तपासल्याविना कळणार कसे?

डॉक्टर तोंडावाटे बारीक दुर्बीण घालून जठर आतून पाहतात. लहानसा तुकडा काढून तपासतात. रोग लवकर सापडला, तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. सगळे जठर काढावे लागले, तरी माणूस थोडे थोडे खाऊन जगतो.

आधी सावद्यातल्या डॉक्टरांना दाखवावे. ते सांगतील तर जळगावला जावे. मुंबईला परळमध्ये टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून आहे. खर्चाची धास्ती घेऊ नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्याला विचारावे.

"बाग निघाली की जाऊ, लग्न आटोपलं की जाऊ," असे म्हणू नका. केळीचा घड काढायला आठ दिवस उशीर झाला, तर आपण तळमळतो. मग पोटाच्या दुखण्याला महिनोन् महिने का थांबावे?