बेघरांच्या वर्ल्ड कपचं गाव

एडिंबरा : ‘झुंड’ सिनेमाच्या शेवटी झोपडपट्टीतली पोरं ज्या स्पर्धेसाठी विमानात बसतात, तिचं मुख्य कार्यालय या शहरात आहे. नागपूरहून कोणी आलं की किल्ला दाखवायच्या आधी मी हे सांगतो आणि पाहुण्याला ते खरं वाटत नाही. बेघरांचा वर्ल्ड कप ही पटकथेची सोय असणार, असं बहुतेकांनी धरलेलं असतं.

स्पर्धा अगदी खरी आहे. मेल यंग हे 1993 साली स्कॉटलंडमध्ये ‘बिग इश्यू’ सुरू करणाऱ्यांपैकी एक. हे नियतकालिक बेघर माणसंच फुटपाथवर उभी राहून विकतात. अंक कमी दरात घ्यायचा, छापील किमतीला विकायचा, वरचे पैसे आपले. अशा स्ट्रीट पेपरवाल्यांची 2001 मध्ये केपटाऊनला परिषद झाली. तिथे यंग आणि ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मीड यांच्या गप्पांतून फुटबॉलची कल्पना निघाली आणि 2003 मध्ये ग्रात्स शहरात 18 देशांचे संघ उतरले. त्याच 2001 च्या सुमारास आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि ‘स्लम सॉकर’चा जन्म झाला. पुढे नागपूरची पोरं भारताची जर्सी घालून याच स्पर्धेत खेळली. एका बाजूला तिघे आणि गोलकीपर, सात-सात मिनिटांचे दोन डाव. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या कुणाची.

आता इथे येऊन गेलेल्या ताऱ्यांबद्दल. रोझ स्ट्रीटवर ‘सोशल बाइट’ नावाचं सँडविचचं दुकान आहे. स्वतः बेघर राहिलेली माणसं तिथे कामाला असतात आणि गिऱ्हाईक जाताना पुढच्या एखाद्या बेघराच्या जेवणाचे पैसे भरून जाऊ शकतं. नोव्हेंबर 2015 मध्ये जॉर्ज क्लूनी तिथे येऊन गेला, पुढच्या वर्षी त्याच संस्थेच्या रेस्तराँमध्ये लिओनार्डो डिकॅप्रियो. अमिताभ ‘झुंड’च्या शूटिंगला आले तेव्हा नागपुरात जी गर्दी उसळली, तशीच इथेही. 2017 च्या डिसेंबरात किल्ल्याखालच्या बागेत हजारो लोक बेघरांच्या निधीसाठी एक रात्र उघड्यावर झोपले. माझ्यासारख्या संशयी माणसाला यात हौसच जास्त दिसते. सकाळी उठून घरी जाता येणार असेल तर थंडीही सोसवते. पण पैसे जमले आणि ते वापरलेही गेले, हे मान्य करायला हवं.

ब्रिटनला समजून घ्यायचं तर मात्र क्लूनीच्या बरंच मागे जावं लागतं. 16 नोव्हेंबर 1966 ला बीबीसीवर ‘कॅथी कम होम’ हा सिनेमा दाखवला गेला. दिग्दर्शक केन लोच, लेखक जेरेमी सँडफर्ड. धडधाकट नवरा-बायको, नवऱ्याचा अपघात होतो, काम जातं, भाडं थकतं. घर सुटतं, मग दुसरं सुटतं, मग निवारागृहात नवऱ्याला मज्जाव. शेवटी रेल्वे स्टेशनवर सरकारी माणसं आईच्या हातून मुलं हिसकावून नेतात. जवळपास 1 कोटी 20 लाख लोकांनी ते घरी बसून पाहिलं. युद्ध जिंकलेल्या, सगळ्यांना मोफत औषधपाणी देणाऱ्या देशात हे घडतं, यावर कित्येकांचा विश्वास बसेना. पंधरा दिवसांनी, 1 डिसेंबरला, ‘शेल्टर’ ही बेघरांसाठीची संस्था सुरू झाली. तिची तयारी आधीपासून चालू होती, म्हणजे सिनेमानं संस्था काढली असं म्हणणं चूक. पण हळहळलेल्या माणसाला लगेच एक दार सापडलं. पुढच्या वर्षी ‘क्रायसिस’ ही तशीच संस्था निघाली. 1977 मध्ये बेघरांना घर देण्याची जबाबदारी कायद्यानं कौन्सिलवर, म्हणजे इथल्या महापालिकेवर आली.

ब्रिटन हा एक देश वाटतो खरा, पण घराच्या बाबतीत स्कॉटलंडचा कायदा वेगळा. इंग्लंडमध्ये आजही मुलं आहेत का, आजार आहे का, हे बघून प्राधान्य ठरतं. एकटा, तब्येतीनं ठीक माणूस मागे पडतो. स्कॉटलंडनं 2012 च्या अखेरीस ही अट काढून टाकली. स्वतःच्या करणीनं घर घालवलेलं नसेल तर माणूस कौन्सिलच्या दारात जाऊन हक्कानं घर मागू शकतो. मित्राच्या सोफ्यावर दिवस काढणाराही बेघरच धरला जातो. आज रात्री कुठे झोपणार, हा तिथला पहिला प्रश्न. आपल्याकडे झोपडीवाल्याला पहिला प्रश्न तारखेचा असतो: 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा आहे का?

‘झुंड’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना हे नेमकं ठाऊक आहे. ‘झुंड’मध्ये मला सर्वांत जड गेलेला भाग फुटबॉलचा नाही, रिंकू राजगुरूनं साकारलेल्या गोंड मुलीला पासपोर्टसाठी ओळखीचे कागद मिळवताना बापासोबत जी वणवण करावी लागते, तो आहे. या वर्ल्ड कपवर तीन वर्षांत तीन देशांत सिनेमे आले: 2022 मध्ये ‘झुंड’, 2023 मध्ये कोरियाचा ‘ड्रीम’, 2024 मध्ये ब्रिटिश ‘द ब्यूटिफुल गेम’. या तिसऱ्या सिनेमातही दक्षिण आफ्रिकेचा संघ कागदांपायी अडकतो. पण त्यात बिल नायसह प्रमुख भूमिकांत कसलेले नट आहेत. या स्पर्धेत खरोखर खेळलेली माणसं मागच्या रांगेत दिसतात. मंजुळेंनी अमिताभला समोर ठेवलं आणि त्याच्याभोवती नागपूरच्या वस्त्यांमधली पोरं मुख्य भूमिकांत उभी केली. अंकुश गेडामला त्यासाठी पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. लोचनंही ‘स्वीट सिक्स्टीन’साठी ग्रीनॉकचा मार्टिन कॉम्पस्टन हा फुटबॉल खेळणारा पोरगा असाच निवडला होता, आज तो इथल्या टीव्हीवरचा मोठा नट आहे. याच लोचच्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ला 2016 मध्ये कान महोत्सवात सुवर्ण पाम मिळालं, तेव्हा एका मंत्र्यानं तो न पाहताच झोडपला. वाचून तुम्हाला घरच्यासारखं वाटेल.

‘झुंड’ची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या खेळाडूचं आयुष्य त्यात आलं, त्याच्या कथेचे हक्क कोणाचे यावरून कोर्टकज्जे झाले, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत. वस्तीतल्या पोराची गोष्ट विकली जाऊ लागली की तिचे मालकही निघतात.

घराच्या हक्कासाठी सिनेमावाल्यांनी नुसता चेहरा दाखवून न थांबण्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे, मुंबईचं. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ 1985 मध्ये आला. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण फुटपाथवरून उठवलेल्याला घर द्यायलाच हवं असं काही म्हटलं नाही. 1986 मध्ये संजय गांधी नगरच्या झोपड्या पाडल्या, तेव्हा पटवर्धन आणि शबाना आझमी रहिवाशांसोबत उपोषणाला बसले. शबाना मृणाल सेनच्या ‘जेनेसिस’साठी कानला निघायच्या होत्या; त्या गेल्या नाहीत. रहिवाशांना दिंडोशीला पर्यायी जागा मिळाली. एका वस्तीला मिळाली. कायद्यात त्याची ओळ उमटली नाही.

स्कॉटलंडचं फार कौतुकही नको. एडिंबरा कौन्सिलनं नोव्हेंबर 2023 मध्ये घरांची आणीबाणी जाहीर केली, मे 2024 मध्ये अख्ख्या स्कॉटलंडनं. दहा हजारांहून जास्त मुलं तात्पुरत्या निवाऱ्यात राहतात, काही कुटुंबं बेड-अँड-ब्रेकफास्टच्या एका खोलीत. हक्क आहे, घरं नाहीत. ऑगस्टात फेस्टिव्हलच्या पाहुण्यांना जी खोली दामदुपटीनं जाते, ती बेघराला कोण देणार!

लोच तर म्हणतात की ‘कॅथी’नं घरांच्या प्रश्नात फारसं काही बदललं नाही, परिस्थिती उलट बिघडली. मला ते अर्धंच पटतं. घरं कमी पडली हे खरं, पण आज एखाद्या कौन्सिलनं बेघराला परत पाठवलं तर तो वकील गाठतो आणि कौन्सिलला जाब द्यावा लागतो. ‘कॅथी’पासून 1977 च्या कायद्यापर्यंत अकरा वर्षं गेली. ‘झुंड’ला अजून तेवढी झालेली नाहीत, हेही कबूल. मात्र तारीख न विचारता घर देणारं विधेयक विधानसभेत कोणी मांडतंय, असं निदान एडिंबरापर्यंत ऐकू आलेलं नाही.