मिरचीचं बी पावसाआधी, छपराखाली

थंड देशांत मिरची-टोमॅटोचं बी हिवाच्या धास्तीने घरात रुजवतात. भाईंदर पश्चिमेला ती धास्ती नाही. इथे कोवळ्या रोपाचा वैरी म्हणजे जूनचा पाऊस. म्हणून बी मेच्या मध्यावर बाल्कनीच्या छपराखाली पेरावं. ५-६ आठवड्यांत रोपं लावणीला येतात.

मिरची, वांगं, टोमॅटो तिघांनाही रुजायला २५ ते ३० अंश तापमान मानवतं. टोमॅटो आठवडाभरात डोकं वर काढतो. मिरची निवांत, ८ ते १२ दिवस घेते. चौथ्या दिवशी माती उकरून पाहू नये (मोह होतोच). कोकोपीट भरलेला प्रोट्रे उत्तम, तळाला भोकं पाडलेले दह्याचे डबेही चालतात. बी अर्धा सेंटीमीटर खोल.

रोपं दगावतात ती बहुधा जास्त पाण्याने. देठ मातीलगत कुजतो आणि रोप रात्रीत आडवं होतं. तेव्हा वर छप्पर हवं, पण बाजू मोकळ्या. काकडी, दुधी थेट मोठ्या कुंडीतच टोका, त्यांच्या मुळांना हलवलेलं खपत नाही. आणि मिठागरांकडची खारी माती कुंडीत भरू नका.