समुद्र बळी घेत नाही

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आपली अनेक कुटुंबं जुहूला समुद्र पाहायला जातात. वस्तीतली पोरं तर पावसाळ्यातही जातात. त्यातलं एखादं परत येत नाही, तेव्हा लोक म्हणतात, ‘समुद्राने बळी घेतला.’ बुद्धांनी शिकवलं, दुःखाला कारण असतं. बुडण्यालाही आहे.

लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात परत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत दिसतं आणि माणूस फसतो. ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे पोहू नका, दमून बुडाल. पाठीवर तरंगा, हात वर करून ओरडा. पोहता येत असेल तर आधी किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की बाहेर या.

आपण पौर्णिमेला विहारात जातो. त्याच दिवसांत, तसंच अमावास्येच्या आसपास, भरती मोठी असते. भरतीची वेळ पाहूनच निघा. लाल बावटा दिसला की पाण्यात उतरू नका. एरवीही जीवरक्षकाच्या नजरेसमोर, कमरेपेक्षा कमी पाण्यात राहा. दारू पिऊन पाण्यात जाऊ नका. लहान मूल हाताच्या अंतरावर हवं. अंगावर जखम असेल किंवा मोठा पाऊस नुकताच झाला असेल तर पाणी टाळा. नाल्यांची घाण समुद्रातच येते.

कुणी बुडताना दिसलं तर मागे उडी मारू नका. जीवरक्षकाला हाक मारा. ओढणी, दोरी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका.

बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास बंद असेल तर एकाने १०८ लावावा. दुसऱ्याने नाक बंद धरून तोंडाने ५ श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाबून २ श्वास, असं मदत येईपर्यंत करत राहावं. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्यावर आपला हक्क आहे, तसा पोहायला शिकण्यावरही आहे. विहाराच्या मंडळांनी मुलामुलींची नावं एकत्र करून पालिकेच्या तरणतलावात नोंदवावीत. आम्ही हे प्रथमोपचार विहारात येऊन करून दाखवू. बोलवा.

जयभीम!