रागावली की वेडी, रडली की नाटकी

टेनिसमधलं मला फारसं कळत नाही. ‘लव्ह’ म्हणजे शून्य, हे लेकाने सांगितलेलं तेवढं लक्षात आहे. पण सप्टेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला झालेली अमेरिकन ओपनची महिलांची अंतिम लढत मात्र टेनिस न कळणाऱ्या बाईनेही समजून घ्यावी अशी आहे. मैदानावर झालं ते झालंच, पण नंतर वर्तमानपत्रांत जे झालं त्याची गोष्ट मोठी आहे.

एका बाजूला सेरेना विल्यम्स. छत्तीस वर्षांची, कृष्णवर्णीय, वर्षभरापूर्वी आई झालेली. दुसऱ्या बाजूला वीस वर्षांची नाओमी ओसाका. आई जपानी, वडील हैती देशाचे, आणि स्वतः सेरेनाला डोळ्यांपुढे ठेवून मोठी झालेली. पंचांनी सेरेनाला आधी प्रशिक्षकाने खुणा केल्या म्हणून ताकीद दिली, मग रॅकेट आपटून मोडली म्हणून एक गुण कापला. पुढे ती पंचांना ‘चोर’ म्हणाली तेव्हा आख्खा एक गेम गेला. नाओमी ६-२, ६-४ अशी जिंकली. पण बक्षीस समारंभात प्रेक्षक हुर्यो उडवत होते आणि ही पोरगी टोपी डोळ्यांवर ओढून रडत उभी होती. आयुष्यातलं पहिलं मोठं विजेतेपद, आणि तिनं काय करावं? माफी मागितली!

पंचांना चोर म्हणणं मला पटलेलं नाही. पण जॉन मॅकेन्रोच्या आरडाओरड्याचे किस्से लोक आजही कौतुकाने सांगतात (त्यालाही १९९० साली ऑस्ट्रेलियन ओपनमधून बाहेर काढलं होतं, तरीही), आणि सेरेनाचं काय झालं? मेलबर्नच्या ‘हेराल्ड सन’ या दैनिकात व्यंगचित्र आलं. जाड ओठांची, धिप्पाड, थयथयाट करणारी सेरेना, खाली पडलेलं बाळाचं चोखणं. मागे पंचांसमोर उभी असलेली नाओमी मात्र चक्क गोरी, बारीक, सोनेरी केसांची! म्हणजे जी चिडली ती राक्षसीण, आणि जी शहाणी ठरली तिचा रंगच काढून घेतला. जगभरातून टीका झाल्यावर त्या दैनिकाने तेच चित्र पुन्हा पहिल्या पानावर छापलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या प्रेस कौन्सिलने निकाल दिला, की यात नियमभंग नाही. झालं, संपलं प्रकरण.

त्याच्या महिनाभर आधी नूडल्स विकणाऱ्या निस्सिन कंपनीने जपानमध्ये नाओमीची कार्टून जाहिरात काढली, त्यातही ती गोरीपान. मात्र या कंपनीने माफी मागितली आणि जाहिरात मागे घेतली. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत ‘गव्हाळ’ म्हणजे काय असतं हे ज्या बायकांनी सोसलंय, त्यांना यातलं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

नाओमीचं पुढे काय झालं? २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये सात सामन्यांना ती सात वेगवेगळे मास्क लावून आली. प्रत्येकावर वंशभेदाच्या हिंसेत जीव गेलेल्या एकेका कृष्णवर्णीय व्यक्तीचं नाव. तीच मुलगी मे २०२१ मध्ये म्हणाली, की मी फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषदा देणार नाही, मनावर ताण येतो. पहिला सामना जिंकली, पत्रकारांना टाळलं, पंधरा हजार डॉलर दंड झाला. चारही मोठ्या स्पर्धांनी मिळून इशारा दिला की असंच चालू ठेवलंत तर स्पर्धेतून काढू. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बाहेर पडली आणि लिहिलं की २०१८ च्या त्या स्पर्धेपासून मला नैराश्याचे झटके येतात.

बघा, तीन वर्षं! आपल्याला वाटतं जिंकली, पैसा मिळाला, आता कसलं दुःख?

दुसरी बाजूही आहे. महिला टेनिसला मान आणि पैसा मिळाला तो पत्रकारांनी या खेळाडूंच्या गोष्टी लिहिल्या म्हणूनही. बिली जीन किंग यांनी त्या वेळी हे बोलून दाखवलं होतं, आणि त्यांचा अधिकार मोठा. पण गंमत ऐका. पत्रकारांपुढे न येण्याबद्दल जिला दंड केला तिच्या माघारीवर बोलायला फ्रेंच टेनिस संघटनेचे अध्यक्ष आले, लिहून आणलेलं निवेदन वाचलं आणि एकही प्रश्न न घेता निघून गेले. त्यांना दंड कोण करणार?

चिडलेल्या काळ्या माणसाला वेडा ठरवण्याची चाल अमेरिकेत जुनी आहे. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं, की गुलामांना पळून जावंसं वाटतं तो एक मनाचा आजार आहे! अलीकडे जोनाथन मेट्झल या मनोविकारतज्ज्ञांनी मिशिगनमधल्या आयोनिया इस्पितळाची जुनी कागदपत्रं तपासली. त्यांना दिसलं, की आधी स्किझोफ्रेनियाचं निदान ज्यांच्यावर चिकटवलं जाई त्यांत घरकाम नीट न करणाऱ्या, नवऱ्याला नकोशा झालेल्या गोऱ्या बायकाही होत्या. १९६० नंतर, नागरी हक्कांची चळवळ पेटली तसा तोच शिक्का डेट्रॉइटच्या काळ्या पुरुषांवर बसू लागला. १९७४ साली एका वैद्यकीय मासिकात हॅलडॉल या औषधाची जाहिरात होती. चित्रात मूठ आवळलेला काळा माणूस. आजार खरा असतो, औषधंही लागतात, ती बंद करू नयेत. पण शिक्का कुणावर बसतो हे डॉक्टरच्या खोलीबाहेरही ठरतं.

आणि बायकांची मासिकं, बायकांचे छापखाने तरी धुतल्या तांदळासारखे होते का? १९७८ मध्ये मेरी डेली या मोठ्या स्त्रीवादी लेखिकेचं ‘गाइन/इकॉलॉजी’ हे पुस्तक आलं. त्यात देव्या सगळ्या गोऱ्या, युरोपातल्या. काळ्या आणि पूर्वेकडच्या बायका भेटतात त्या फक्त बळी म्हणून. आपण भारतीय बायकाही आहोत त्यात, सतीच्या प्रकरणात! तिथे ‘मदर इंडिया’ लिहिणाऱ्या कॅथरीन मेयोची तारीफसुद्धा आहे. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी डेलींना खासगी पत्र लिहून विचारलं, की आमच्या देव्या कुठे गेल्या? उत्तर आलं नाही असं सांगून त्यांनी ते पत्र पुढे जाहीर केलं. गुंता असा, की लॉर्ड यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच कागदांत डेलींचं उत्तर सापडलं. बायकांची भांडणंही इतिहासाने दोन्ही बाजूंनी वाचावीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

लॉर्ड नुसत्या रागावून बसल्या नाहीत. १९८० मध्ये त्यांनी बार्बरा स्मिथ यांना फोनवर सुचवलं, आपणच काहीतरी छापायला हवं. त्यातून ‘किचन टेबल’ प्रकाशन उभं राहिलं. स्वयंपाकघरातलं टेबल हेच नाव! बायका बसून बोलतात ती जागा. एका गोऱ्या बायकांच्या प्रकाशनाने काढलेलं ‘धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’ हे पुस्तक ते प्रकाशन बंद पडल्यावर १९८३ मध्ये यांनीच पुन्हा काढलं. आपल्या फलटणला बेबीताई कांबळे त्याआधी कित्येक वर्षं दुकानात बसून घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. अमेरिकेहून येऊन फलटणकर झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांना धीर दिला, आणि ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकात आलं. कुणीतरी पान मोकळं करावं लागतं.

आता जवळचं सांगते. आमच्या तालुक्यात पारधी समाजाची एक बाई बाजारात अंगावरच्या कपड्यांचं भान सोडून ओरडत फिरली. तिला सरकारी दवाखान्यात दाखल केलं, आणि दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात तिचा खाटेवरचा फोटो. वर मथळा, ‘पारधी वेडसर महिलेचा धिंगाणा’. नाव, वस्ती, सगळं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला. मथळ्यात मात्र तो अजून असतो. ओरडली म्हणून वेडी, आणि पारधी म्हणून धिंगाणा.

आम्ही चौघीजणी पेपरच्या कचेरीत गेलो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं चोविसावं कलम झेरॉक्स करून नेलं होतं. उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. संपादक म्हणाले, “ताई, बातमी खोटी आहे का?” मी म्हटलं, “खोटी नाही. तुमच्या घरातली बाई असती तर जात आणि फोटो छापला असता का?” चहा आला, कोणी प्यायलो नाही. शेवटी खुलासा छापायचं कबूल झालं. दवाखान्यातून फोटो बाहेर कसा आला, याचं उत्तर मात्र दवाखान्यानेही दिलं नाही.

आठवड्याने सातव्या पानावर, निविदांच्या खाली, चार ओळींचा खुलासा आला. मी तो कापून तिच्या भावाला नेऊन दिला. त्याला अक्षर लावून वाचता येतं. त्याने दोनदा वाचला आणि मला विचारलं, “ताई, माफी मागितली ते ठीक, पण ह्याच्यात परत तिचं नाव कशापायी टाकलं?”