इमारतीचे खरे वय : सांगणाऱ्याचे कर्तव्य, विचारणाऱ्याचा हक्क

नोकरदार माणूस बहुधा आयुष्यात एकदाच घर घेतो. फंडाची रक्कम, घरातले दागिने, बँकेचे कर्ज, सारे त्यात जाते. शिक्षणासाठी खेड्यातून आलेला विद्यार्थी साताऱ्यात किंवा सांगली-मिरजेत भाड्याची खोली शोधतो. दोघेही रंग पाहतात, पाणी व वीज विचारतात, परंतु "ही इमारत कोणत्या साली बांधली?" असे सहसा कोणी विचारत नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयना परिसरात त्यापूर्वी बांधलेले जे घर आज उभे आहे, त्याने तो धक्का सोसलेला आहे. सांगलीत 2005, 2019 व 2021 साली कृष्णेचा महापूर शिरला. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. अनेक दिवस पाण्यात राहिलेली भिंत नव्या गिलाव्याने झाकता येते, मजबूत करता येत नाही.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. भाडेपट्ट्याबाबत कलम 108 मध्ये घरमालकावर तसेच बंधन आहे. मात्र इमारतीचे वय सांगावे, असे तेथे स्पष्ट लिहिलेले नाही. बांधकामाचे वर्ष कागदपत्रांत सापडते. तेव्हा "तुम्ही पाहायला हवे होते" असे म्हणून विक्रेत्याला हात झटकता येतात. पण चार महिन्यांसाठी खोली घेणारा विद्यार्थी ही कागदपत्रे कोठे शोधणार? ज्याच्याजवळ माहिती आहे त्यानेच ती लेखी द्यावी, हेच न्यायाचे आहे.

यावर कोणी म्हणेल, वयावरून मजबुती ठरत नाही. हे खरे आहे. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाड येथे कोसळलेल्या इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. त्यात 16 जणांचा बळी गेला. उलट नीट निगा राखलेला जुना वाडा भक्कम असू शकतो. म्हणून वयाबरोबर दुरुस्तीचा इतिहासही सांगितला पाहिजे. परंतु वय निरर्थक नव्हे. मुद्रांक शुल्कासाठी मूल्यांकन करताना इमारतीच्या वयानुसार घसारा धरतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी व त्यापुढे दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. शासनाला जे वय कळवायचे, ते राहणाऱ्यापासून का लपवावे?

व्यवहारापूर्वी एवढे अवश्य करावे :

1. बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्रावरील तारीख पाहावी.
2. घरपट्टीचा जुना आकारणी उतारा मागावा. वरचा मजला नंतर चढविला असल्यास त्याचे वर्ष वेगळे विचारावे.
3. पूर, भूकंप व दुरुस्ती यांची माहिती करारात लिहून घ्यावी.
4. इमारत जुनी असल्यास अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी.

मालकाने साल सांगण्यास टाळाटाळ केली, तर व्यवहार थांबवावा. विचारायला संकोच वाटू देऊ नये; त्या छपराखाली आपलीच मुले झोपणार आहेत.